इंजिन ऑइलची बारीक गळती: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावं?

फोंड्याचा प्रवासी (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी.

माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, १२०० सीसी, २०१४ ची, ८० हजारांच्या पुढे चाललेली. पाऊस सुरू झाल्यापासून पोर्चमधल्या लाद्यांवर सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसतो. वाकून पाहिलं तर डाव्या बाजूला, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याखाली थेंब लोंबत असतो. चढ चढून थांबलो की बॉनेटमधून करपल्याचा वास येतो. डिपस्टिकवरचं तेल वरच्या खुणेवरून मधोमध आलंय. ऑइलचा लाल दिवा मात्र कधीच लागला नाही.

एका गॅरेजवाल्याने खालून बॅटरी मारली आणि "मागचं क्रँक सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीचं, तेल अडवणारं रबर) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, त्यातच क्लच प्लेट बदलून टाका" म्हणत १४ हजार सांगितले. दुसरा म्हणाला, काही करू नका, जाड ऑइल घाला. दोघांचं म्हणणं इतकं वेगळं की कोणाचं ऐकावं कळत नाही. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे, बाजारासाठी चोर्ला घाटातून बेळगावला जायचं आहे. गळती नेमकी कुठून आहे हे घरी बसून शोधता येतं का?

निवांत काणकोण

रुपयाएवढा डाग म्हणजे काहीच नाही. दर रविवारी डिपस्टिक बघा, कमी झालं की तेच ऑइल थोडं घाला आणि गाडी चालवा. माझी जुनी गाडी वर्षानुवर्षं अशीच पाझरायची, इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत होतं.

मेस्त सत्तरी

फोंड्याचे भाऊ, गिअरबॉक्स उतरवायला आत्ताच हो म्हणू नका. थेंब जिथे लोंबतो तिथूनच तेल येतं असं बहुतेक वेळा नसतं. तेल वरून निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या कडेला जमतं. त्यात गाडी पळताना समोरून वारा लागतो, तो तेल मागे ढकलतो. म्हणून आमच्या धंद्यात पहिला नियम असा, की खालचा थेंब बघायचा नाही, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

तुमच्यासारख्या आडव्या बसवलेल्या इंजिनात टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, डावं टोक बरोबर गिअरबॉक्सच्या वर येतं. तिथलं पॅकिंग कडक झालं की तेल बेल हाउसिंगवरून (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं घर) घसरतं आणि नेमकं त्याच सांध्यातून टपकतं. खालून बघणाऱ्याला क्रँक सीलच वाटणार. मी स्वतः गिअरबॉक्स खाली घेण्याआधी हा भाग कोरडा करून बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाला आकडा सांगत नाही.

काय करा सांगतो. इंजिन पूर्ण थंड असताना अल्टरनेटर, स्पार्क प्लगच्या कॉइल आणि वायरींच्या जोडण्यांवर प्लास्टिक पिशव्या बांधा. मग डिग्रीझर नाहीतर ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन टॅपेट कव्हरच्या कडा, ऑइल फिल्टरच्या आसपासची जागा, चेनच्या बाजूचं कव्हर, खालचं चेंबर (ज्यात ऑइल साठतं ते भांडं), सगळं पुसून लख्ख करा. प्रेशरचं पाणी इंजिनावर मारू नका, सेन्सरात पाणी जातं. डिझेल वापरलंत तर नीट पुसून, सुकवून मगच गाडी चालू करा. खाली प्लास्टिकची शील्ड असेल तर ती काढून तिच्यातलं साचलेलं तेलही पुसा, नाहीतर दुरुस्तीनंतरही ती आठवडाभर ठिबकत राहील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. 🙂

त्यानंतर संशयाच्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. अर्धा तास गाडी फिरवून आणा आणि बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली झाली तिथे तुमची गळती.

पुणेकर पर्वरीत

मूळ प्रश्नाच्याही आधीचा प्रश्न: ते इंजिन ऑइलच आहे ना? आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्याने एसीचं पाणी बघून गाडी थेट टो करून नेली होती. पांढरा टिपकागद थेंबाखाली धरा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, हाताला गुळगुळीत. गिअर ऑइल जास्त दाट आणि गंधकासारखा उग्र वास मारणारं. कूलंट हिरवं, निळं किंवा गुलाबी, चिकटसर आणि गोडसर वासाचं. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी. सांध्याखाली थेंब आहे म्हणताय, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही तिथेच असतं. वास घेऊन बघाच.

मेस्त सत्तरी

पर्वरीवाल्यांशी सहमत. आणखी एक. बऱ्याच गाड्यांना बेल हाउसिंगच्या खाली छोटं तपासणीचं झाकण असतं. ते काढून आत बोट फिरवलं आणि आत कोरडं असलं, तर मागच्या सीलवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. आत तेल असेल तर मात्र खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागतो, कारण ते तेल क्लच प्लेटवर गेलं की चढावर क्लच घसरायला लागतो. तुमचा क्लच घसरतोय का? म्हणजे आरपीएम वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही, असं होतं का?

माडांची सावली

निवांत, तुमच्याशी मी सहमत नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगबरोबर स्पार्क प्लगच्या नळ्यांचीही सील असतात. आमच्या गाडीत ती गेली आणि तेल प्लगच्या खड्ड्यात साचलं. बाहेर डाग अगदीच बारीक होता. पुढे गाडी थंड असताना झटके द्यायला लागली, एक कॉइल गेली, आणि जे काम काही शेकड्यांच्या पॅकिंगवर भागलं असतं त्यात कॉइलचे पैसे वाढले. फोंड्याच्या भावांना करपल्याचा वास येतोय, म्हणजे तेल एक्झॉस्टच्या गरम भागावर पडतंय. त्याला "चालवा गाडी" असं मी तरी म्हणणार नाही.

निवांत काणकोण

ताई, वास येतो हे मी घाईत वाचलं नव्हतं. गरम मॅनिफोल्डवर तेल पडत असेल तर दुरुस्त करावंच. पण नुसत्या ओलसर इंजिनासाठी लोकांना घाबरवून इंजिन उघडायला लावतात, त्याला माझा विरोध कायम आहे. दहा वर्षांच्या गाडीवर थोडी ओल दिसणारच.

पायलट म्हापसा

मी मोटरसायकल पायलट आहे, दिवसभर गिऱ्हाईक मागे बसवून फिरतो. "थोडी गळती चालते" म्हणणाऱ्यांना एकच विनंती, आमचाही विचार करा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तेलाचा थेंब पडला की त्याची इंद्रधनुष्यासारखी साय पसरते. वळणावर, स्टँडजवळ आणि फेरीच्या धक्क्यावर गाड्या थांबतात, म्हणून नेमक्या तिथेच ती जास्त असते. चोडणच्या धक्क्यावर उतारावर ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सरकलं, तर मागच्या माणसाला सांभाळायचं की गाडीला? चार चाकांवर बसलेल्याला तो डाग दिसतही नाही.

तांबडी माती

पायलटभाऊ, +१. हा मुद्दा कोणी मांडत नाही.

डिचोलीचा ट्रकवाला

सगळे पॅकिंगवर बोलताय, पण पॅकिंग का जातं यावर कोणी बोलेना.

आमचे खाणीवर ट्रक होते. २०१२ ला खाणी बंद झाल्या तोवर त्याच धंद्यात होतो. तांबड्या धुळीने ब्रीदरची नळी चोंदायची. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट बंद झाली की तो दाब जे सील सर्वांत कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. नवशिका मेस्त सील बदलायचा, महिनाभराने दुसरीकडून गळायचं, मग ते बदलायचा. जुने लोक आधी ब्रीदर साफ करायचे.

पेट्रोल गाडीत हेच काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो. छोटासा तुकडा असतो, टॅपेट कव्हरवर किंवा त्याच्या जवळच्या नळीत. काढून कानाजवळ हलवा, आतली गोळी खडखडली पाहिजे. मुकी असेल तर चिकटली. दुसरी खूण: गाडी आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून हलकेच उचलून बघा. थोडी ओढ जाणवली तर ठीक. आतून फुसफुसून वर ढकलत असेल तर व्हॉल्व्ह चोंदलाय किंवा पिस्टन रिंगा झिजल्यात. ते न बघता नवीन पॅकिंग घातलं तर पैसे पाण्यात.

मेस्त सत्तरी

ट्रकवाल्या दादांनी लाखाची गोष्ट सांगितली. मी हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं असं कोणी म्हणालं तर मान्य आहे.

खारी हवा

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. मी वास्कोला, समुद्राला लागूनच. खालचं ऑइल चेंबर पत्र्याचं असेल तर खाऱ्या हवेने ते गंजतं. रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि मग सुईच्या टोकाएवढ्या भोकातून तेल पाझरतं. पॅकिंग बदलून त्याला काही होत नाही. मला वाटेत एम-सील लावून घरापर्यंत येता आलं, पण ती तात्पुरती सोय. चेंबर नवीनच घालावं लागलं. जांभ्याच्या उंच स्पीडब्रेकरवर खाली घासलेली गाडी असेल तर चेंबरचा ठोकलेला भागही तपासा.

पुणेकर पर्वरीत

स्टॉप-लीकच्या बाटल्यांबद्दल काय मत? ऑइलमध्ये ओतायच्या असतात, पंपावरही मिळतात.

मेस्त सत्तरी

त्यात रबर फुगवणारं रसायन असतं. कडक झालेलं सील थोडं मऊ होऊन काही दिवस पाझर कमी होऊ शकते. पण तुटलेलं पॅकिंग, सैल बोल्ट, गंजलेलं चेंबर किंवा चोंदलेला व्हॉल्व्ह यांवर त्याचा काडीचा उपयोग नाही. कारण कळल्याशिवाय मी गिऱ्हाईकाच्या इंजिनात असलं काही ओतत नाही.

जाड ऑइलचंही तेच. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं असताना २०डब्ल्यू-५० घातलं तर गळती थोडी मंदावेल, पण सकाळी इंजिन चालू झाल्यावर वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) तेल पोचायला वेळ लागेल. ज्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ तेलाच्या दाबावर बदलते तिथे तर ग्रेड बदलणं म्हणजे नवीन दुखणं घेणं.

निवांत काणकोण

ग्रेडबद्दल मी थोडा सौम्य आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना सगळे २०डब्ल्यू-४० घालायचे आणि त्या चालायच्या. नव्या इंजिनांना मॅन्युअलप्रमाणेच, हे मान्य.

साळावली

स्वस्त गोष्टी आधी बघा. आमच्याकडे तेल ऑइल प्रेशर स्विचमधून येत होतं. स्विचची वायर काढली तर जोडणीच्या आत तेल भरलेलं. स्विच बदलला, संपलं. शिवाय सर्व्हिस नुकतीच झाली असेल तर ड्रेन प्लगचा वॉशर आणि ऑइल फिल्टर बघा. जुन्या फिल्टरचं रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहतं, त्यावर नवीन फिल्टर बसवला की दोन रबरं एकावर एक येतात. ती गळती बारीक राहत नाही, अचानक भसाभस तेल जातं.

माडांची सावली

आणि लाल दिवा लागला तर "घर जवळच आहे" म्हणून गाडी रेटू नका. तो दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद.

फोंड्याचा प्रवासी (सोमवार, रात्री)

सगळ्यांचे आभार. रविवारी आणि आज एवढं झालं:

टिपकागदावर काळपट तपकिरी तेल, गंधकाचा वास नाही. क्लच घसरत नाही. खालचं तपासणीचं झाकण काढून बघितलं, आत कोरडी धूळ आहे, बोटाला तेल लागलं नाही. मेस्तनी सांगितल्याप्रमाणे पिशव्या बांधून इंजिन पुसलं. भावाने बॅटरी धरली. पावडर टाकून बोरीपर्यंत जाऊन आलो. चेंबरची कड, फिल्टर, चेनच्या बाजूचं कव्हर, सगळीकडे पावडर पांढरीशुभ्र. टॅपेट कव्हरच्या डाव्या, मागच्या कोपऱ्यात मात्र ती ओली होऊन तपकिरी लगदा झाला होता आणि तिथून एक ओघळ सरळ गिअरबॉक्सच्या घरावर उतरलेला.

ऑइलचं झाकण सैल केलं तर ते थरथरत वर उचललं जातंय. पीसीव्ही काढून हलवला, आवाज नाही.

डिचोलीचा ट्रकवाला

मुका आहे ना? बदला. साफ करून परत घालण्यापेक्षा नवीन घ्या, महाग नाही. नळीही बघा, आत तेलाचा खरवड बसला असेल. नवीन घातल्यावर झाकणाची परीक्षा पुन्हा करा. तरीही झाकण वर ढकललं जात असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावं लागेल, मग ती रिंगांची गोष्ट.

मेस्त सत्तरी

आता कामाचं. पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांची सील एकत्र घ्या, कंपनीचीच घ्या. कॉइल आणि नळ्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कव्हरचे बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करायचे. कव्हर चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमची गळती. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हळूच सोडवा. उघड्या कॅमवर स्वच्छ फडकं टाका, आत कचरा पडता कामा नये.

दोन्ही पृष्ठभाग कोरडे, तेलाचा अंशही नको. जिथे चेनचं कव्हर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) भेटतं त्या सांध्यांवर सिलिकॉनचा छोटा ठिपका द्यायचा, बाकी कुठेही नाही. सगळीकडे सिलिकॉन थापणारे मेस्त असतात, तो जास्तीचा माल आत निघतो, सुटून खाली जातो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. यांचा टॉर्क फार कमी असतो, कितीतरी गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जोर लावून आवळलं तर कव्हर वाकतं आणि नवीन पॅकिंगही गळतं. सिलिकॉनच्या ट्यूबवर सुकायची जी वेळ दिली असेल तेवढी थांबून मगच गाडी चालू करा.

तांबडी माती

वाचनखूण साठवली. चवथीच्या आधी समईतलं आणि गाडीतलं, दोन्ही तेलं बघायची आता. 🙂

पुणेकर पर्वरीत

डिपस्टिक सपाट जागेवर बघा एवढंच जोडतो. आमच्याकडे पार्किंग इतकं उतरतं आहे की नाक खाली करून लावलेल्या गाडीत पातळी वेगळीच दिसते. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, काडी पुसून पुन्हा बुडवायची, मग वाचायची. आणि बेळगावला निघताना डिकीत त्याच ग्रेडचं एक लिटर असू द्या. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच छोट्या गाड्यांत पाऊण ते एक लिटर असतं. वरच्या खुणेच्या पुढे मात्र भरू नका.

फोंड्याचा प्रवासी (शुक्रवार, संध्याकाळी)

काम झालं. ओळखीच्या एका मेस्तच्या अंगणात, मी शेजारी उभा राहून. जुनं पॅकिंग हातात घेतलं तर रबर उरलंच नव्हतं. खोबणीचा आकार घेऊन चपटं झालेलं, डाव्या कोपऱ्यात वाकवायला गेलो तर कट्कन मोडलं. नवीन पॅकिंग शेजारी ठेवलं तेव्हा दोन्हींच्या उंचीतला फरक डोळ्यांना दिसत होता. प्लगच्या एका खड्ड्यातही तेल यायला सुरुवात झाली होती, माडांची सावली यांनी सांगितलं तसंच. पीसीव्ही नवीन घातला, त्याच्या नळीतून काळा खरवड निघाला. आता झाकण सैल केलं की हलकी ओढ जाणवते.

पॅकिंग, सील, व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून ते १४ हजारांच्या पाचव्या हिश्शाच्याही आत बसलं. आज चोर्ला चढून बेळगावला जाऊन आलो, वास नाही. पोर्चमध्ये पुठ्ठा घातलाय, त्यावर शील्डच्या खालचा एक फिकट ठिपका सोडला तर काही नाही. मेस्त सत्तरी आणि ट्रकवाले दादा, देव बरें करूं.

निवांत काणकोण

अभिनंदन. गिअरबॉक्स वाचला हे महत्त्वाचं.

माडांची सावली

पॅकिंग मोडल्याचा फोटो टाका, पुढच्यांना उपयोगी पडेल.

तांबडी माती

एक विचारते. आमच्या अंगणात जांभ्याच्या फरशीवर असाच जुना डाग आहे आणि दहा पावलांवर विहीर. साबणाने धुऊन काढावा का?

खारी हवा

धुऊ नका. जांभा सच्छिद्र असतो, पाणी मारलं की तेल त्यातून आणखी खोल जातं आणि पावसात विहिरीकडे सरकू शकतं. डागावर लाकडाचा भुसा किंवा चुलीची राख जाड थरात पसरा, पायाने रगडा, रात्रभर ठेवा, झाडून पिशवीत भरा. ताज्या डागावर छान काम करतं. जुन्यावर तीन-चार वेळा करावं लागेल, पूर्ण जाईलच असं नाही. भुसा विहिरीजवळ किंवा पोरसात (परसबागेत) फेकू नका आणि जाळू नका.

पायलट म्हापसा

जळकं ऑइल दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावतात, ते योग्य आहे का? आमच्या वाड्यावर सगळे नेतात.

मेस्त सत्तरी

पूर्वी सर्रास लावायचे. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. रोज हात लागणाऱ्या चौकटीला, घरात लहान मुलं असताना, नको. त्वचेलाही वाईट, म्हणून मी हातमोजे घालतो आणि पोरांनाही घालायला लावतो. आमच्याकडे ते ड्रममध्ये साठवतो आणि परवाना असलेल्या रिसायकलवाल्याला देतो. घरी ऑइल बदललंत तर झाकणाच्या डब्यात भरून जवळच्या गॅरेजवर नेऊन द्या. फक्त त्यात कूलंट किंवा पाणी मिसळू नका, मग कोणी घेत नाही.